विमलने लावलेली सुई

१२-८-७४, सोम.
मायला तीर्थपुरीहून आणलं. उलट्या-जुलाब, डोळे खोल गेलेले. दवाखान्यात ड्यूटीवर नेमकी विमल. माझी धाकटी बहीण, पण इथं म्हातारेसुद्धा तिला सिस्टर म्हणतात. पहिल्याच टोचणीत शीर सापडली, सलाईन चालू. माय शेजारच्या खाटेला सांगते, "माही पोरगी हाय." मी पायाशी बसलेली. मी कोणाची?
मॅट्रिकला मार्क मला जास्त होते. मला नवरा मिळाला, तिला ट्रेनिंग.

१३-८, मंगळ.
वि. बजावून गेली, "आक्का, हात बघत राह्य. फुगला, गार पडला, थेंब मंदावले, तर मला जल्दी हाक मार." जसं मला काही कळतच न्हाई.
नऊला सुईजवळ फुगवटा दिसला. बोट लावलं, गार. डॉ. राउंडला येणारच होते. म्हटलं, बघू देत सिस्टरची सुई.
माय म्हणे, "हात ठणकून राह्यला." मी म्हणाले, "डॉक्टर येतात, थांब."
डॉ. साडेदहाला आले. तोवर कोपरापर्यंत टम्म. सगळ्या वॉर्डासमोर वि.ला झापलं. मला विचारलं, कधीपासून? म्हणाले, "आत्ताच."
वि.ने सुई काढली, हात उशीवर उंच ठेवला. माझ्याकडे पाहिलं न्हाई.

१४-८, बुध.
वि.ला सुई लावायची बंदी. शुक्रवारी मेट्रनबाई चौकशी करणार. नव्या सिस्टरने मायला चारदा टोचलं, मी दंड धरून. माय रडली, "माह्या विमलला बोलवा."
सकाळी बुद्धवंदनेत पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी जीभ अडली. खोटं बोलणार न्हाई, हे कोणत्या तोंडाने म्हणू. तशीच उठले.

१५-८, गुरु.
सूज थोडी उतरली. कातडी अजून लाल. मायने पेज वि.च्याच हातून घेतली, माझी वाटी तशीच. राग आला. आजसुद्धा आला.
जाताना वि. म्हणाली, "तू बसलेली व्हतीस, म्हणून मी बिनघोर दुसऱ्या खाटेकडं गेल्ते." एवढंच.

१६-८, शुक्र.
मेट्रनबाईंच्या खोलीबाहेर बाकावर लिहून राह्यले. आतून वि.चा आवाज, "मीच बघायला पाहिजे होतं, बाई."
आयाबाई म्हणाली, "तुम्हाला कुठं बोलावलंय? मायजवळ बसा जा."
म्हटलं, "सुई बराबर होती. नऊ वाजता मी पाहिलं व्हतं. ते सांगायचंय."
तिनं हातातली बादली खाली ठेवली. मंग आत गेली. दार लोटलेलं. आतून मला हाक आली, वही मिटते.