पांढऱ्यात करडा मिसळला तर

ती. आत्या,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वाकून नमस्कार. उजव्याला जरा जास्तच वाकून, कारण तो मानी आहे आणि मागच्या पत्रात त्याची विचारपूस राहून गेली होती. जिने चढू नकोस, आणि चढलीसच तर वर गेल्यावर कशाला आले होते ते आठवायला पुन्हा खाली जाऊ नकोस. मी ठणठणीत आहे. तू सांगितलेलं तेल रोज कंबरेला लावतो (रोज म्हणजे आठवणीच्या दिवशी). दुकान बरं चाललंय. लोक अजून भिंतींना रंग लावतात आणि लावल्यावर, डब्यावर दिसत होता तसा हा दिसत नाही, म्हणून माझ्याशी भांडतात. तेव्हा तिकडची काळजी नको. काळजी करायची तर पक्ष्यांची कर.

पोरीची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. तिला वेणी घालायला आणि मला कुकर लावायला तूच शिकवलंस, म्हणून तुला वेगळं सांगत नाही. पोरगी नोकरीसाठी परगावी निघाली तेव्हा हॉलमध्ये एक पिंजरा टांगून गेली. आत एकच फिंच मादी. चिमणीच्या निम्मी, अंगाने करडी, चोच नारिंगी. ‘बाबा, घरात कुणाचा तरी आवाज हवा,’ म्हणाली. आवाज म्हणजे काय, तर लहान मुलांचं रबरी खेळणं पायाखाली आल्यावर करतं तसा. ही बाई दांडीवर बसून मी केर कसा काढतो ते मान तिरकी करून बघते आणि कोपरा राहिला की ओरडते, म्हणून तिचं नाव मुकादम पडलं.

आता मुकादम एकटी पडली म्हणून तिला जोडीदार आणला, असं मी पोरीला कळवलं आहे. तुला खरं सांगतो. माझ्या डोक्यात रंग होता. दुकानात मी एक छटा करून देतो, दोन भाग पांढरा आणि एक भाग करडा. बाथरूमसाठी लोक डोळे मिटून नेतात. मला वाटलं, मादी करडी, नर आणू पांढरा, पिल्लं होतील ती नेमक्या त्या छटेची. खाण तशी माती. त्यात काय मोठंसं? उभा जन्म डब्यात काठी फिरवण्यात गेलेल्या माणसाला दोन रंगांचं काय होतं हे कुणी शिकवायला हवं का? पक्षीवाल्याकडून दुधासारखा पांढरा नर आणला. मुकादमने दोन दिवस त्याला झाडून घेतलं, तिसऱ्या दिवशी घरट्यात घेतलं. पिल्लं झाली चार. पिसं फुटायची मी आरशासमोर दाढी करतानासुद्धा वाट बघत होतो. पिसं फुटली. चारही करडी. आईइतकीच करडी, वर पांढऱ्याचा एक थेंब नाही.

आत्या, मला राग आला तो मुकादमचा नाही, समोरच्या घराचा. आमच्या जिन्यात समोर एक डॉक्टरीणबाई राहतात. ऑपरेशनच्या वेळी भूल देतात. (भूल देणं हाच ज्यांचा धंदा, त्यांच्यापासून माणसाने सावध राहायला हवं होतं, पण ते पुढे.) त्यांच्या गॅलरीत फिंचचे सहा पिंजरे, आणि त्यात एक गालफुगव्या करडा नर दिवसभर आमच्या खिडकीकडे तोंड करून गातो. मी दोन आणि दोन चार केले, कपडे बदलले आणि त्यांची बेल वाजवली. तुमच्या नराचं वागणं बरं नाही, असं मी सभ्य भाषेत सांगितलं.

त्यांनी आत बोलावलं, पाणी दिलं आणि विचारलं, “तुमची मादी पिंजऱ्याबाहेर गेली होती?”

“नाही.”

“माझा नर तुमच्याकडे आला होता?”

“नाही.”

“मग तो करतो काय?”

“गातो,” मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. (हसू दाबायला त्या आत जाऊन उगाच फ्रिज उघडून आल्या हे मला पुष्कळ नंतर कळलं.) मग त्यांनी समजावलं. पिल्लाला रंगाचे दोन वाटे मिळतात, एक बापाकडून, एक आईकडून. ते डब्यातल्यासारखे एकमेकांत मिसळत नाहीत. करडा वाटा असला की पांढरा त्याच्याखाली झाकला जातो. “भिंतीवर दुसरा हात मारल्यावर पहिला कुठे जातो?” त्यांनी विचारलं. कुठे जाणार, खालीच असतो. “तसाच तो तुमच्या चारही पिल्लांच्या आत आहे.” मी म्हटलं, पांढऱ्यावर करडा एका हातात झाकतो हे खरं, पण करड्यावर पांढरा चढवायला तीन हात लागतात. त्या म्हणाल्या, इथे तेवढे नाही, दोन वाटे लागतात, पण दोन्ही पांढरेच. मग त्यांनी आपली एक पांढरी मादी माझ्या मोठ्या झालेल्या एका करड्या पोरासाठी देऊ केली. निम्मी पिल्लं पांढरी निघावीत, म्हणाल्या. मी आभार मानून, नराबद्दलचे शब्द परत घेऊन, चुकून त्यांची चप्पल घालून घरी आलो.

पुढे पिल्लं झाली पाच. पाचाचं निम्मं किती, हा प्रश्न घेऊन मी पुन्हा गेलो. (तीन पांढरी, दोन करडी.) त्या म्हणाल्या, निम्मी म्हणजे नाणं उडवल्यासारखं, हिशेब बरीच पिल्लं झाल्यावर जमतो. म्हणून मी आणखी पिल्लं होऊ दिली. मग त्यांचा बदामी नर आणि माझी करडी पोरगी अशी सोयरीक झाली. त्यातून बदामी बापाच्या सगळ्या मुली बदामी आणि सगळे मुलगे करडे निघाले. तो रंग झाकायला मुलग्यांकडे आईचा वाटा असतो. मुलींना हा रंग नुसता बापाकडून मिळतो, त्यामुळे झाकायला काही उरतच नाही. हे ऐकून मला उगाचच पोरीची आठवण आली. तीही रागावली की माझ्यासारखी कान लाल करते. या विद्येने माझं डोकं इतकं फिरलं की हॉलला फिका हिरवा मागायला आलेल्या दातांच्या डॉक्टरांना मी आतल्या पांढऱ्याबद्दल अर्धा तास सांगितलं आणि डबा दिला बदामी. त्यांनी तो लावलासुद्धा. माणसं भिडस्त असतात.

आता जे घडलं ते हसण्यासारखं नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की मुकादमला आता विश्रांती द्या, घरटं काढून घ्या. मी घरटं काढलं, पण तिने दाण्याच्या वाटीत संसार मांडला, आणि मला तिचं कौतुक वाटलं. एका रविवारी दुपारी बघतो तर ती पिंजऱ्याच्या तळाला बसलेली, अंग फुगवलेलं, डोळे अर्धे मिटलेले. मी केर काढला, कोपरा मुद्दाम ठेवला. ती ओरडली नाही. मी समोरची बेल वाजवली. काय बोललो आठवत नाही, पण डॉक्टरीणबाई जेवणावरून उठून, हात न पुसता आल्या.

अंडं अडकलं होतं. त्यांनी बुटांच्या खोक्यात मऊ फडकं घालून मुकादमला ठेवलं, वर टेबलावरचा दिवा मला धरायला लावला, शेजारी गरम पाण्याचं भांडं ठेवलं, आणि म्हणाल्या, आता बसायचं. स्वयंपाकघरात एकच स्टूल. त्यावर त्या, आणि मी पिठाच्या डब्यावर. मी विचारलं, जगेल का. “सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या. खोटा धीर दिला नाही, आणि मला त्याचाच धीर आला. मी म्हटलं, तुमची सुट्टी वाया गेली. तर म्हणाल्या, “झोपलेल्याचा श्वास बघत बसणं, एवढंच तर मला येतं. नेहमी अनोळखी माणसांचा बघते. आज ओळखीचा आहे.” मग बोलत बसल्या. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. पक्षी यजमानांचेच. त्यांना पांढरे आवडायचे, बाईंना करडे, आणि कोण कुणाच्या पिंजऱ्याला दाणे घालणार यावरून रोज वाद व्हायचा. आता सहाही पिंजऱ्यांना त्याच घालतात आणि वाद कुणाशी घालावा कळत नाही, म्हणाल्या. मी पोरीच्या आईबद्दल सांगितलं. आत्या, मी ते तुझ्याशीसुद्धा इतकं बोललो नाही. दिवा धरून हात भरून आला होता, पण हात बदलला तर बोलणं थांबेल असं वाटून बदलला नाही. उन्हं उतरताना खोक्यात खुडबुड झाली. अंडं बाहेर, आणि मुकादम आमच्या दोघांकडे बघून अशी ओरडली की माझ्या हातून दिवा पडता पडता राहिला. डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या की वाफेने पाणी येतं. भांड्यातलं पाणी तेव्हा कधीचं निवलं होतं.

असो. मुकादम आता वेगळ्या पिंजऱ्यात, शेजारी फक्त एक म्हातारी करडी मैत्रीण. ती छान आहे. तू जप.

तुझाच,
भाचा

ता. क. : मोजायला गेलो तर ते हलतात, पण पक्षी वीसच्या पुढे आहेत. तुला दोन पाठवू का? आवाज बेताचा आहे, आणि केर कसा काढावा ते तुला कुणी शिकवायची गरज नाही.

दुसरा ता. क. : वरचं सगळं पत्र ज्यासाठी लिहिलं ते आता लिहितो. आत्या, तू ये. मला डॉक्टरीणबाईंना काही विचारायचं आहे आणि या वयात असं विचारायला तोंडाशी शब्द येतात ते रंगाच्या भावाचे. घरातलं मोठं माणूस म्हणून तू विचार. त्याआधी पोरीला तू सांग. मला तिचे लाल कान सोसणार नाहीत. त्या नाही म्हणाल्या तर विषय पक्ष्यांचाच होता असं सांगून निघून येता येईल, म्हणून पत्रात पक्षी एवढे घातले आहेत.

तिसरा ता. क. : घोटाळा झाला. बदामीचा मजकूर बरोबर आहे का, ते बघायला मी पत्र डॉक्टरीणबाईंना दिलं आणि दुसरा ता. क. त्याच कागदाच्या पाठीमागे आहे हे विसरलो. चहा घेऊन बाहेर आलो तर त्या कागद उलटा करून वाचत होत्या. मी आधी ‘सगळे मुलगे बदामी’ लिहिलं होतं, ते त्यांनी लाल शाईने खोडून नीट केलं आहे, तुला दिसेलच. मग कागदाची घडी घातली, चहा संपवला, आणि दारात चप्पल घालता घालता म्हणाल्या, “तेवढी एकच चूक होती. बाकी सगळं बरोबर आहे.”

याचा अर्थ मला वाटतो तोच आहे का, ते उलट टपाली कळव. नाहीतर गुडघ्यांना विचारून स्वतःच ये. पोरीला मी आजच फोन करतो.