प्रज्वलच्या पेन्सिलखुणा

सिन्नर, ८ डिसेंबर १९९७

लाडक्या हर्षालीस दादाचे भरभरून आशीर्वाद.

मी बरा आहे. वेळेवर जेवतो, आईला सांग. भाताची झोडणी उरकली का? माझ्या कॉलेजचा विषय मात्र काढू नको म्हणावं.

माझ्या रेश्माने माझ्यासाठी तुझ्याकडे दिलेली टपालवाल्यावरची कादंबरी वाचली. "प्रज्वलने सुचवली, तूपण वाच," म्हणे! तिच्या वर्गातल्या त्या प्रज्वलला दुसरं कोणी भेटत नाय का गो? पानोपानी त्याने तिच्यासाठी पेन्सिलीच्या खुणा करून ठेवल्यात. डोकंच फिरलं. सगळ्या खोडरबराने पुसल्या.

मग वाचायला बसलो. आवडलं तिथे माझ्या खुणा केल्या. अर्ध्याअधिक त्याच्याच जागी आल्या गो! खाली पुसलेले वळ दिसतात.

पुस्तक पंढरीमामासोबत पाठवतोय. रेश्माला दे. पण या खुणा माझ्या आहेत, हे तिला पटवशील कसं?

तुझा तापट दादा,
शेखर