पुट्टीचा मोठा डबा

सोलापूर,
रविवार, ८ जून

प्रिय चंद्रिका,

हे पत्र अण्णारावच्या हाती देतोय. तुझा भाऊ उद्या सकाळी बाजारात माल टाकायला येईल आणि दुपारी वळसंगला परत निघेल, तेव्हा संध्याकाळपर्यंत तुला मिळेल. पत्र बघून हसशील, तर हस बाई. लग्न ठरलं तेव्हा तू म्हणाली होतीस, तुम्ही मला एकदा तरी पत्र लिहा, आणि मी म्हणालो होतो, मग व्हॉट्सॲप कशाला ठेवलंय? आता लिहितोय, कारण फोनवर तू नुसतं हं म्हणतेस. तू हं म्हणालीस की मला पुढचं काही सुचतच नाही. मग मी उगं तुमच्याकडं ऊन किती आहे ते विचारतो, आणि तू परत हं म्हणतेस. कागदावर सगळं सलग सांगता तरी येईल.

पुट्टीची शाळा सोमवारी, सोळा तारखेला सुरू होतेय. चौकातलीच शाळा, भिंतीवर ससा काढलेली, तू पसंत केलेली. केजीच्या वर्गात नाव घातलंय. पालकांच्या मीटिंगला मी गेलो होतो. सगळ्या आयाच होत्या, मी एकटा मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलो. बाई तरुण आहेत पण समजूतदार वाटल्या, आवाज न चढवता बोलतात. म्हणाल्या, लिहायला-वाचायला आम्ही शिकवू, तुम्ही फक्त डबा उघडायला शिकवा, बूट घालायला शिकवा, शू लागली तर सांगायला शिकवा. आणि मुलाला स्वतःचं नाव माहीत असू द्या. मी मनात म्हणालो, ह्यात काय शिकवायचं? घरी येऊन पुट्टीला विचारलं, शांभवी कोण? तर बाईसाहेब मागं वळून दाराकडं बघायला लागल्या. चार वर्षं पुट्टी पुट्टी केल्यावर दुसरं काय होणार! बारशाला तू हौसेनं ठेवलेलं नाव तिच्या कानावर कधी पडलंच नव्हतं. आता शिकली आहे. विचारलं की छातीवर हात ठेवून सांगते, मी शांभवी हाय, पण माझं नाव पुट्टी हाय.

बोलण्याचं मात्र अवघड आहे. तू नसल्यापासून ती दिवसभर आजीजवळ, आपल्या अव्वाजवळ असते आणि अव्वा तिच्याशी कानडीतच बोलते. तहान लागली की नीरू मागते. शाळेत बाईंना नीरू कळायचं नाही गं, पाणी म्हण, असं सांगितलं, तर आता नीरूपाणी द्या म्हणते. चालेल की. दोन्हीतलं एक तरी बाईंना कळेल.

आमच्या कारखान्यात सीझन चालू आहे, तुला माहीतच आहे जूनचं. गणवेशांचे ढीग लागलेत, जेवायला बसलो तरी मांडीवर दोरे असतात. येणारा प्रत्येक जण तेच सांगतो, वाढत्या अंगाचं शिवा हो मास्तर, दोन वर्षं चाललं पाहिजे. पुट्टीचा फ्रॉक मी स्वतः कापला. निळ्या चौकड्यांचा आहे, खाली चांगली चार बोटं दुमड सोडलीय. शिवायला बसलो आणि काय झालं सांगू? बॉबिनमधला खालचा दोरा संपलेला, मला पत्ताच नाही. मशीन चालू, माझा पाय चालू, कापड पुढं सरकतंय, मी अख्खी शिवण मारून मोकळा. उचलून बघितलं तर दोन तुकडे दोन हातांत आले. शेजारच्या मशीनवरचा चनबसप्पा हसला, म्हणाला, गुरुशांत, ध्यान कुठं हाय तुझं? मी पण हसलो. ध्यान कुठंच नव्हतं. हल्ली माझं असंच चाललंय, चंद्रिका. वाईट वाटतं असंही नाही. काहीच वाटत नाही. भाकरी खाल्ली काय आणि पुठ्ठा खाल्ला काय. तुझंही असंच असेल असं मला वाटतं, म्हणून तुझ्या हं म्हणण्याचा मला राग येत नाही. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या घेतेस ना? त्या सोडू नकोस. माझंही त्यांना एकदा सांगावं असं मनात येतं, पण गणवेशाचा सीझन आहे.

परवा कपड्यांची पेटी उघडी राहिली होती. पुट्टीनं त्यातलं तू शिवलेलं पिवळं झबलं काढलं आणि तिच्या बाहुलीला घातलं. टोपडंही बांधलं. अव्वा ओरडणार होती, मी नको म्हणून खूण केली. बाहुलीला अगदी मापात बसलं ते. इतकं लहान शिवलं होतंस तू, आणि तरी आपल्या बाळाला ते मोठंच झालं असतं. दोन महिने आधी आला तो. काचेच्या पेटीत होता तेवढे दिवस त्याला कपडे घालूच दिले नाहीत, आणि नंतर तुझ्या वडिलांनी आणि मी त्याला रुद्रभूमीत माती द्यायला नेलं ते एका नव्या सोलापुरी टॉवेलात. तू विचारलं नाहीस म्हणून मीही कधी सांगितलं नाही. आज सांगितलं. मी तेव्हा रडलो नाही आणि अजूनही रडलेलो नाही. लोक म्हणाले, गुरुशांत लई खंबीर आहे. खंबीर कसला आलाय!

तर शाळेचं सांगत होतो. बाईंनी सांगितलं होतं की मुलांना तुमच्यावाचून राहायची सवय लावा. म्हणून रोज दुपारी दप्तर, डबा, बाटली असा सगळा सरंजाम घेऊन मी पुट्टीला शेजारच्या रेश्माताईंकडं सोडतो. त्या बाई होतात आणि ही शांभवी होते. रेश्माताई म्हणतात, माझी दोन्ही पोरं पहिल्या दिवशी फाटकाला धरून लोळली होती, आणि तुमची पोरगी बघा, वळूनसुद्धा बघत नाही. खरंच बघत नाही. टाटा पण करत नाही, दप्तर सावरत सरळ आत जाते. शाळा कधी, शाळा कधी, असं सारखं विचारत असते. सकाळी उठली की बूट पायात. मला बरं वाटलं. अव्वा तर सगळ्या गल्लीत सांगत फिरली, आमच्या पुट्टीला शाळेची लई गोडी!

डब्याचं तेवढं एक नवल झालं. बाजारात तिला छोटा डबा दाखवला, गुलाबी, वर फुलपाखरू. नको म्हणाली. तिला मोठा पाहिजे होता, दोन कप्प्यांचा, आपले कारखान्यातले गडी नेतात तसला. दुकानदार हसला, एवढं खाणार काय गं? ही म्हणाली, व्हय. मी समजावलं, ती रस्त्यातच बसली, शेवटी घेतला. रेश्माताईंकडं रोज तो डबा भरून न्यायचा. एका कप्प्यातली शेंगाचटणी-पोळी ती खायची आणि दुसरा कप्पा तसाच झाकून परत आणायची. मी म्हणालो, अन्न वाया जातंय, एकच कप्पा भरू. तर म्हणाली, नको, खऱ्या शाळेत लागंल. मला वाटलं, पोरीचं खूळ. मी काही जास्त विचारलं नाही. हल्ली मी कुणालाच जास्त विचारत नाही.

तुला गड्ड्याची जत्रा आठवते? यंदाचीच, जानेवारीतली. तुझे पाय सुजले होते म्हणून तू भेळेच्या गाड्याजवळ खुर्ची टाकून बसली होतीस, आणि पुट्टीला एकटीलाच छोट्या पाळण्यात बसायचं होतं. मी नको नको म्हणत होतो. तू तिला म्हणालीस, जा, मी इथंच बसलेय, फिरून आलीस की दिसेन. पाळणा फिरला. दर फेरीला तिचं तोंड आधी तुझ्याकडं वळायचं, तू हात वर करायचीस, आणि मग ती आरामात इकडंतिकडं बघायची. उतरल्यावर म्हणाली होती, परत बसते. अजिबात भ्यायली नव्हती.

काल शनिवारी शाळेनं नव्या मुलांना शाळा दाखवायला बोलावलं होतं. फ्रॉक घालून, मोठा डबा घेऊन आमची स्वारी निघाली. बाकीची पोरं झोपाळ्याला चिकटली, कुणी आईच्या पदराला चिकटलं. पुट्टी माझा हात सोडून थेट आत. आधी आपल्या वर्गात गेली. मग शेजारच्या वर्गात. मग मोठ्या मुलांच्या वर्गात. बाथरूमचं दार ढकलून बघितलं, चटया ठेवायच्या खोलीत डोकावली. मी मागं मागं. बाई म्हणाल्या, फिरू द्या, ओळख करून घेतेय. मलाही तसंच वाटलं. शेवटी ती पटांगणात आली, पायरीवर बसली आणि डबा मांडीवर घेतला. बाईंनी खाऊ दिला तो घेतला, पण खाल्ला नाही. येताना गाडीवर पुढं उभी होती. सिग्नलला थांबलो तेव्हा वर बघून मला विचारलं, अप्पा, आज आईला सुट्टी होती काय?

मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत राहिला. मी गाडी बाजूला घेतली.

मार्चमध्ये तू वळसंगला गेलीस त्या पहाटे आपण पुट्टीला उठवलं नव्हतं. रडेल, तुला बघवणार नाही, म्हणून तुझ्या वडिलांनी गाडी गल्लीच्या तोंडाशीच उभी केली आणि तू चप्पल हातात घेऊन बाहेर पडलीस. आपल्याकडं असंच करतात सगळे, पोर झोपलं की निघायचं. ती उठली आणि घरभर हुडकायला लागली. तेव्हा अव्वानं तिला कडेवर घेऊन सांगितलं होतं, आई शाळेला गेलीया, तू मोठी झालीस की तुला बी तितंच न्हेतील. मी तिथंच उभा होतो. पोरगी गप्प झाली, म्हणून मीही काही बोललो नाही. आठ-पंधरा दिवसांत तू येशील असं सगळ्यांनाच वाटत होतं. मग मी ते विसरलो, अव्वाही विसरली. ती मात्र विसरली नाही. मार्चपासून ती शाळेची तयारी करतेय ती तुला भेटायला. डब्याचा दुसरा कप्पा तुझा आहे.

काल घरी आल्यावर मी तिला खरं सांगायला बसलो. पुट्टी, आई शाळेत नाही, एवढं म्हणालो. तिनं विचारलं, मग कुठं हाय? आता काय सांगू, चंद्रिका? वळसंगला आहे म्हणालो असतो तर म्हणाली असती, चला. फोनवर तुझं हं तिनंही ऐकलंय. तू कुठं आहेस ते खरं तर मलाच नीट माहीत नाही. मी म्हणालो, आधी जेव. तेव्हा पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं. भीती वाटली. सोमवारी ती वळून न बघता आत जाईल, शाळा सुटेपर्यंत सगळ्या वर्गांत शोधेल, आणि सुटल्यावर माझ्याकडं येईल ती पुन्हा कुणी काही सांगितलं तर खरं न मानणारी पोरगी होऊन येईल. मीटिंगमध्ये बाईंनी शेवटी एक गोष्ट सांगितली होती, ती मी तेव्हा कानाआड केली. म्हणाल्या, मुलांची नजर चुकवून पळू नका. सांगून जा, येते म्हणा, आणि म्हटलंत तर या. रडलं तर रडू दे.

म्हणून हे पत्र. घरी ये असं मी म्हणत नाही. तुला घर बघवत नाही हे मला कळतं, बाळाच्या कपड्यांची पेटी अजून आपल्या खोलीतच आहे. अव्वाशी बोलू नकोस, माझ्याशीही बोलू नकोस. फक्त सोळा तारखेला साडेअकराला शाळा सुटते तेव्हा सशाच्या भिंतीपाशी उभी राहा, तिला बाहेर येताना दिसशील अशी. हात वर करता आला तर कर, नाही तर नुसती उभी राहा. अण्णारावला मी सांगून ठेवलंय, तो गाडी घेऊन थांबेल. तिच्या डब्यातला दुसरा कप्पा तिथंच पायरीवर बसून खा, दोन घास खा. आणि मग वळसंगला परत जावंसं वाटलं तर जा, मी अडवणार नाही. फक्त या वेळी ती जागी असताना जा. तिला सांगून जा.

तुझाच,
गुरुशांत