कारळाच्या दोन चटण्या

मी, आश्रुबा माणिक ओव्हाळ, वय चोवीस, धंदा मजुरी, राहणार चौसाळा, तालुका बीड, हल्ली मुक्काम कोल्हापूरकडच्या एका सहकारी साखर कारखान्याची लेबर चाळ, माझ्या हातानं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, दारू घेतलेली नाही आणि कोणी धाक घातलेला नाही. शाळा चौथीपर्यंत, तेव्हा अक्षर सांभाळून घ्यावं. कायद्याचे शब्द कॅन्टीनचे मॅनेजर शिवशरण यांनी सांगितले. बाकीचे माझे.

लिहायचं कारण असं, की गाळप सुरू व्हायच्या आधी मळीची टाकी आत उतरून खरवडावी लागते. सोमवारी माझी पाळी आहे. आत गॅस धरतो. मागच्या साली दुसऱ्या एका कारखान्यात दोघं उतरले ते वर आले नाहीत. कमरेला दोर असतो, तरी लिहिलेलं बरं.

कलम १. पत्र्याचं घर आणि दोन शेळ्या माझी आई केशरबाई हिच्या. दुष्काळात तिनं स्वतःच्या वाटचं पाणी पाजून त्या जगवल्या. विकायला कोणी तिला भरीस घालू नये.

कलम २. सायकल मेव्हणा त्रिंबक याला. हवा भरायचा पंप देत नाही, कारण तो तीन वर्षांपासून त्याच्याकडेच आहे.

कलम ३. पाटा-वरवंटा आणि मसाल्याचा डबा माझी बायको सिंधू हिचा. तिनं दुसरं घर करायचं ठरवलं तर माझी ना नाही. फक्त चुलतभाऊ भारत याच्याशी करू नये, असं पुढं लिहिलं होतं. शिवशरण म्हणाले, "मेलेल्या माणसाची अशी अट चालत नाही बाबा." म्हणून खोडलं. खोडलेलं वाचता येतंय, ते राहू द्यावं.

कलम ४. आता भारतचं. हे कलम लांब आहे.

आमच्या वस्तीत अशोक विजयादशमीला विहारापुढं एक पंगत बसते. खीर आणि वरण घरोघरच्या धान्याचं. ताटाची डावी बाजू मात्र सोळाव्या वर्षापासून माझी. विहिरींनी तळ गाठला, माळवं दिसेना, त्या साली मी साठवणीतल्या भोपळ्याच्या सालीची तीळ घालून चटणी केली, वाळवलेली कडवंची, म्हणजे रानातली बारकी कारली, लसणावर परतली, हरभऱ्याचा सुका पाला भिजवून ताकाशिवाय घोटला, आणि कारळाची चटणी वाटली. भामाआत्या म्हणाली, "खीर कावून वाढता रे? ह्या पोराच्या डाव्या बाजूवरच पोट भरतंय." तेवढं एक वाक्य मी इथवर सोबत आणलंय.

गावात काम राहिलं नाही म्हणून दोन वर्षांमागं इकडं आलो. निघायच्या आदल्या दिवशी भारत आला. डावी बाजू आता त्याच्याकडं.

"भाऊ, कारळ किती भाजू?"

"धूर निघस्तोर."

"करपल की."

"करपू दे बे. त्येच गुपित हाय."

हे खोटं होतं. कारळ तडतडलं की लगेच उतरवायचं असतं. चिंच घालायची असते, ती मी सांगितलीच नाही. पंगतीनं थुंकावं आणि म्हणावं, आश्रुबा पाहिजे होता, एवढीच माझी इच्छा.

दसऱ्यानंतर आईचं पत्र आलं. आईला लिहिता येत नाही, तिची पत्रं भारत लिहितो. खाली त्याच गोल अक्षरात त्यानं स्वतःचं जोडलं होतं: "चटणी कडू झालती. पण भाऊनं सांगितलंय म्हणून फेकली न्हाई. अंबाडीची वाळली बोंडं शिजवून त्यात वाटली, गुळाचा खडा टाकला. लई झाली. पंगत उठली तरी भामाआत्या वाटी सोडंना. सिंधूवहिनीनं दुसरी भाकर घेतली. समद्यांना सांगितलं, आश्रुबाभाऊनं शिकवलेली हाय."

त्या दिवशी मी जेवलो नाही. कामावरून सुटल्यावर इथल्या कॅन्टीनची चटणी मीच वाटतो; दुसऱ्या दिवशी तिथं तशीच करून पाहिली, करपवून, अंबाडी घालून. शिवशरणना चाखवली. ते बोट चाटत म्हणाले, "आश्रुबा, ही तुझ्या नेहमीच्यापेक्षा भारी झालीया की."

मीही चाखली होती. ते खरं बोलत होते.

मागच्या दसऱ्यालाही त्यानं तीच केली आणि तसंच सांगितलं. आता तिला वस्तीत आश्रुबाची चटणी म्हणतात, असं लिहून आलं. माझ्या नावानं त्याची चटणी खातात, आणि माझी कोणाला आठवत नाही.

भारतला हे सगळं आता, वाचताना कळतंय. माफी मागत नाही. मागितली तर तो लगेच देईल, आणि ते मला सोसणार नाही.

कलम ५. हे कलम मी मेलो नाही तरी लागू. शिवशरण म्हणाले, असं मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हणालो, बसवा. म्हणून एक नक्कल आजच भारतच्या नावानं टपालानं पाठवतोय. येत्या दसऱ्याला पंगत बसल्यावर, वाढायच्या आधी, भारतनं उभं राहून कलम चार मोठ्यानं वाचावं. अंबाडीच्या चटणीवर माझं नाव घेऊ नये. ती भारतची आहे. उसनं नाव मला नको.

माझी चटणी सिंधूनं करावी. कारळ तडतडलं की उतरवायचं, चिंच बोराएवढी, लसूण सालीसकट. दोन्ही चटण्या शेजारी शेजारी वाढाव्यात.

कोणती आधी संपली ते, मी जिवंत असलो तर, मला पत्रानं कळवू नये.

वरचं सगळं वाचून, समजून सही केली.

आश्रुबा माणिक ओव्हाळ

आमच्यादेखत सही झाली:
१. शिवशरण बसप्पा कोरे, कॅन्टीन मॅनेजर
२. सटवा बबनराव गायसमुद्रे, टाकीवर दोर धरणार (अंगठा)

ठिकाण: लेबर चाळ, खोली नंबर ९
तारीख: २४ सप्टेंबर १९८७