उतार शेजाऱ्याकडे

२ सप्टेंबर
लॉन बघून डोकं फिरलं. तीन ठिकाणी टक्कल, कडेला पिवळी झालर. शेजाऱ्याच्या कुत्र्याचं काम, दुसरं काय! ही म्हणाली, तो कुत्रा गेल्या वर्षीच गेला. मग जाण्याआधी उकरून गेला असणार. माझ्याकडून कसूर नाही. उन्हाळ्यात पिशवीवर लिहिलंय त्याच्या तिप्पट खत घातलं होतं.

संध्याकाळी
लेकीचा फोन. महिन्याभराने येतेय. नात आता धरून धरून उभी राहते. मी शब्द देऊन टाकला, पोरीचं पहिलं पाऊल आजोबांच्याच लॉनवर पडणार. लेक म्हणाली, बाबा, माझ्या झोपाळ्याचंही असंच म्हणाला होतात. झोपाळ्याचा विषय आत्ता काढायची काही गरज नव्हती.

५ सप्टेंबर
बी, वाळू, कंपोस्ट, चाळलेली माती आणली. टॉपड्रेसिंग म्हणतात याला. पाकिटावर लिहिलंय, आधी जमीन खरवडा, मग पातळ थर द्या, जुन्या गवताची टोकं दिसली पाहिजेत. हे सगळं सामान्य माणसांसाठी. मी घोट्याएवढा थर दिला. जुनं गवत पार दिसेनासं झालं तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं. खरवडायचं राहिलं. कंबर.

६ सप्टेंबर
बी पेरलं. शेजारी कुंपणावर कोपरं टेकून बघत होता. बिनकामाचा माणूस! म्हणाला, पाणी झारीने हळू द्या, उतार माझ्याकडे आहे. म्हणजे उतारसुद्धा याचाच! असा संताप आला की पाइप पूर्ण सोडला आणि तो आत जाईपर्यंत सोडूनच ठेवला. जिंकलो.

८ सप्टेंबर
पक्ष्यांनी पंगत मांडली आहे. कुंपणाला लागून बुजगावणं उभं केलं, त्याला माझा ऑफिसचा जुना कोट. ही म्हणाली, लांबून हुबेहूब तुम्हीच वाटता. दुपारी एक साळुंकी त्याच्या खांद्यावर बसून बी खात होती. पक्ष्यांनासुद्धा आता कोणाची भीती राहिलेली नाही.

१३ सप्टेंबर
रोज दोनदा फुल प्रेशरने पाणी. कोंबाचा पत्ता नाही. नर्सरीत जाऊन भांडलो, बी खोटं आहे म्हणून. नर्सरीवाल्याने विचारलं, थर किती दिला? असल्या उर्मट माणसाशी बोलण्यात अर्थ नाही. निघून आलो.

१९ सप्टेंबर, सकाळी
उगवलं! हिरवंगार! चष्मा न लावता दिसतंय! हिला ओरडून बोलावलं. शेजाऱ्यालाही ऐकू जाईल अशा बेताने ओरडलो.

थोड्या वेळाने
चष्मा लावला. ते कुंपणापलीकडचं आहे.

२६ सप्टेंबर
कुंपणालगतचा त्याचा पट्टा वर्षानुवर्षं उजाड होता. आज तिथे मखमल. माझं बी, माझं कंपोस्ट, माझं पाणी, आणि गवत त्याचं! आमच्याकडे नुसता चिखल. ही दिवसाढवळ्या चोरी आहे. सोसायटीकडे तक्रार करतो म्हटलं, तर ही म्हणाली, जरूर करा, पण पाइप कोणाच्या हातात होता तेही सांगा. घरातच फितुरी! रागाने जेवलो नाही. मग भात गार होईल म्हणून जेवलो.

३ ऑक्टोबर
लेक आणि नात आल्या. लेकीने खिडकीतून लॉन बघितलं. पडदा ओढून घेतला. बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं. उत्तर तयार होतं.

४ ऑक्टोबर
चिखलात पोरीला उतरवायला लेक तयार होईना. शेजाऱ्याने कुंपणावरून हाक मारली, इकडे आणा की, इथलं गवत छान आहे. छान आहे म्हणे! मी नको म्हणायच्या आत सगळ्या पलीकडे. मी मानी माणूस, अलीकडेच उभा राहिलो.
नात उभी राहिली, डुलली, आणि हात सोडून चालू लागली. मी कुंपणावरून हात पुढे केले होते. ती शेजाऱ्याकडे गेली. लेक ओरडली, बाबा, फोटो, फोटो! मग काढला.

रात्री
फोटो सगळ्यांनी बघितला. नात आहे, लेक आहे, ही आहे, तो आहे. गवत फारच सुंदर आलंय. एका कडेला माझा कोटही आलाय. ही म्हणाली, बघा, तुम्हीसुद्धा आलात की.