ज्यांच्यासाठी डॉक्टर झालो

३ नोव्हेंबर १९५८, रेडी
समुद्राकडे तोंड केलेला दवाखाना, अंगणात काजूची झाडं, आणि बरोबर शेवटच्या वर्षाचे दोन उत्साही विद्यार्थी. मन प्रसन्न आहे. शिकता शिकता मुलांची उमेद का आटते, हे पाहून मला कॉलेजला कळवायचं आहे. हरिश्चंद्रचे वडील पटकीने गेले, इनासियाची आई तिला जन्म देताना. म्हणून दोघं या वाटेला आली. मी माझं कारण सांगितलं, ‘गुण चांगले होते.’ घटसर्पाने गेलेल्या माझ्या धाकट्या बहिणीचं, शेवंतीचं नाव घेतलं नाही. हे खोटं बोलणं झालं का?

दार उघडण्याआधी शिपाई बाबलीने जागेच्या राखणदाराला नारळ ठेवला. मुलांची उमेद टिकावी म्हणून गाऱ्हाण्यात एक मागणं मीच सुचवलं. त्याने ते आपल्या बोलीत, मलाही धरून, घातलं: “बा देवा म्हाराजा, ज्यांच्यासाठी ही पोरां नि ही बाय डॉक्टर झाली, तेंका ह्येंच्या हातून बरां कर.” सगळ्यांबरोबर मीही ‘होय म्हाराजा’ म्हटलं.

६ नोव्हेंबर
बाकावर पटकीचा रोगी. डोळे खोल गेलेले, बोटं सुरकुतलेली. हरिश्चंद्रने शिरेतून सलाइन दिलं, जवळून हलला नाही. माणूस उठला, हरिश्चंद्रच्या डोक्यावरून हात फिरवून समुद्राकडे चालत गेला. ते वडील होते, असं हरिश्चंद्र म्हणतो. मी थकव्याला दोष दिला. घाई केली बहुधा.

७ नोव्हेंबर
हरिश्चंद्रने स्टेथोस्कोप टेबलावर ठेवला. शांतपणे विचारलं, “बाई, आता कोणासाठी?” बाहेर मूल रडत होतं. त्याने मानही वळवली नाही.

१० नोव्हेंबर
इनासियाने एक अडलेली बाई सोडवली. बाळाच्या मानेवर डाग होता. इनासियाच्या मानेवर आहे, तोच. आई बाळाला घेऊन पाण्याकडे गेली. इनासिया हात न धुता बसून आहे.

११ नोव्हेंबर
बाबली गाडी गाठायला सांगतो. त्याच्या सुनेचे दिवस भरलेत, तरी सांगतो. जाणार नाही. मागणं माझं होतं, ते शब्दशः फळतं आहे. शेवंती आली तर तपासीन, आणि नंतरही इथेच बसेन. एका मेलेल्या मुलीवर उभी राहिलेली डॉक्टरकी ती कसली? माझी तशी नाही, असं छातीवर हात ठेवून—

१३ नोव्हेंबर
बाकावर शेवंती. घशात तीच शिट्टी. तिला थांबायला सांगितलं. आधी बाकीचे रोगी.

नळी घातली. श्वास मोकळा. हसली. पाण्याकडे गेली.

आतल्या खोलीत बाबलीची सून कळा देते आहे. ऐकू येतं. नुसतं ऐकू येतं—

उठायचं. का, ते आठवलं नाही तरी उठायचं. लिहून ठेवते— ऊठ—