टॅक्सीवाल्याला पाजलेला चहा

तीर्थरूप बाबूजींना पुण्याहून रविताचा नमस्कार. मी बरी आहे. गावी सडक अर्जुनीत धानाची रोवणी आटोपली का?

तुम्ही माझ्याकडून गावी परत निघालात तेव्हा टॅक्सीवाल्याला वर बोलावून चहा पाजलात. स्टेशनवर भाडं नव्वद रुपयांनी वाढलेलं दिसलं आणि मी त्याच्यासमोरच तुम्हाला बोलले, "तुमच्या चहामुळे वेटिंगचे पैसे लागले." तुम्ही एवढंच म्हणालात, "दारी आलेल्या मानसाले तसाच कसा धाडू, बाई?"

काल बिल नीट वाचलं. त्याने वेटिंग लावलंच नव्हतं. ॲपमध्ये मीच स्टेशनचं चुकीचं दार निवडलं होतं. नव्वद रुपये त्यामुळे पडलेल्या वळशाचे होते.

फोनवर हे सांगायचा धीर झाला नाही. तुम्ही आईला यातलं काही सांगितलं नाही, हे तिच्या बोलण्यावरून कळतं. हे पत्र तिला वाचून दाखवा.

तुमची,
रविता